सईच्या डोक्यातल्या शिवणी

ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली. तिच्या हिरव्या झग्यावर रक्त होतं.

"सईचे वडील कोण? तिसरी पिशवी घेऊन या. पळा."

एवढं बोलून ती आत गेली. माझा मुलगा भारत पळाला. जिन्यात त्याची एक चप्पल निघाली, ती तिथंच राहिली. सून अश्विनी भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली. विहीणबाई, म्हणजे अश्विनीची आई, एरवी ज्यांच्या तोंडाला उसंत नसते, त्या नुसत्या बंद दाराकडं बघत उभ्या राहिल्या. आत माझी पाच वर्षांची नात होती. डॉक्टरांनी तिच्या कवटीचं हाड कापून उघडलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. रक्ताच्या दोन पिशव्या संपल्या होत्या. मी जिन्यात गेले आणि चप्पल उचलून आणली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तिसरी पिशवी खाली रक्तपेढीत होती. आदल्या दिवशी ती जवळजवळ मिळालीच नव्हती. ते सांगायचं तर शनिवारपासून सांगावं लागेल. आमच्या गल्लीत ज्याला त्याला हेच सांगून माझं तोंड दुखलं आहे, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी चौथी शिकले. तेवढ्यात जमेल तसं लिहिते.

शनिवार, मार्केट यार्ड

सांगोल्याहून मी डाळिंबांच्या टेम्पोत बसून पुण्याला गेले. भारत मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर कामाला आहे, त्यामुळे टेम्पोवाला ओळखीचा. शिवाय गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी मला चढवत नाही. टेम्पोची तर त्याहून उंच निघाली. वर चढवायला दोन माणसं लागली. त्यातला एक म्हणाला, "आजी, क्रेट बरे, गप बसतात."

उजाडताना यार्डात उतरले. एवढी फळं एका जागी मी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडं डाळिंब झाडाला लागलं की आम्ही त्याला हात लावत नाही, एकेक फळ जपतो. इथं क्रेटच्या क्रेट माणसांच्या पाठीवरून पळत होते. फुटलेलं डाळिंब पायाखाली चिरडलं जात होतं आणि कुणी खाली बघतही नव्हतं. भारतनं मला एका पोत्यावर बसवून चहा दिला. चहा गोड पाक होता. एक धिप्पाड हमाल येऊन पाया पडला. "मी म्हादू. भारतभाऊच्या गाळ्यावर असतो. पोरीचं कसं हाय?" मी म्हटलं, "ते बघायलाच आले."

कोथरूडला भारतचं घर चौथ्या मजल्यावर आहे. त्या मजल्यावर आणखी तीन घरं आहेत आणि तिन्हींची दारं बंद. शेजारच्या घरात कोण राहतं विचारलं, तर अश्विनी म्हणाली, "जोशी असावेत." असावेत! आमच्या गल्लीत शेजारणीच्या डब्यात डाळ किती उरली तेही ठाऊक असतं.

सई पलंगावर पडली होती. तिचं डोकं लहानपणापासून आखूड आणि उंच, डोळे मोठे, थोडे पुढं आलेले. तिला बघून कुणीही म्हणायचं, आजीवर गेली. गेल्या उन्हाळ्यापासून सकाळी उठल्या उठल्या तिला उलटी व्हायची. डोकं धरून बसायची. शाळेत फळ्यावरचं दिसेना, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी डोळ्यांच्या मागं सूज आहे म्हणून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं. मला बोलावलं होतं ते मात्र ऑपरेशनसाठी नाही, माझ्या रक्ताची तपासणी करण्यासाठी.

त्याच दिवशी दुपारी दवाखान्यात गेलो. तिथं केतकी नावाची एक मुलगी आहे. आईबापांकडून पोरांत काय काय उतरतं, ते समजावून सांगायचं तिचं काम. वयानं लहान, पण घाई नाही. विहीणबाईही आल्या होत्या. त्या नारायण पेठेत राहतात, शाळेत शिक्षिका होत्या. त्यामुळे केतकी बोलायला लागली की या मान हलवायच्या, जणू मुलीची तोंडी परीक्षा चालली आहे.

केतकी म्हणाली, "आजी, कवटी म्हणजे एक सलग हाड नसतं. लहानपणी तुकडे असतात, आणि मध्ये शिवणी. मेंदू वाढतो तसं त्या शिवणींनी सैल राहायला हवं."

"टाळू," मी म्हटलं.

"टाळू म्हणजे शिवणी जिथे एकत्र येतात ती जागा. सईच्या शिवणी वेळेआधी हाड होऊन बंद झाल्यात. मेंदू वाढतोय आणि आत जागा नाहीये. म्हणून प्रेशर."

"वाट बघितली तर?"

"आधी नजर जाईल."

इथं एक सांगायला हवं. सईच्या डोक्यावरून आमच्या दोन घरांत पाच वर्षं धुसफुस चालू होती. आमची भावकी म्हणायची, पुण्याच्या पोरीनं बाळाच्या टाळूवर तेल घातलं नाही, म्हणून डोकं असं. विहीणबाई म्हणायच्या, सांगोल्याच्या न्हाऊ घालणाऱ्या बाईनं दाबून दाबून डोक्याचा आकार घालवला. केतकीला दोन्ही विचारलं. ती म्हणाली, "तेलाचा संबंध नाही आणि दाबण्याचाही नाही." पाच वर्षांचं भांडण एका वाक्यात संपलं. आम्ही दोघी विहिणी जरा वेळ एकमेकींकडं बघितलंच नाही.

"मग कशानं?" मी विचारलं.

"पेशीला बाहेरून निरोप येत असतात. वाढ, हाड तयार कर, असे. पेशीच्या केंद्रात एक प्रोटीन असतं, त्याला ईआरएफ म्हणतात. ते काही जनुकांना दाबून धरतं, कामाला लागू देत नाही. वाढायचा निरोप आला की त्या प्रोटीनला केंद्रातून बाहेर काढलं जातं आणि कामं सुरू होतात. निरोप थांबला की ते परत आत येतं."

"म्हणजे नको म्हणणारं माणूस."

"करेक्ट! अजून नको, असं म्हणणारं. सईकडे ते निम्मंच तयार होतं. आपल्याकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, तिची एक बिघडलेली आहे. नको म्हणणारं कमी पडलं, म्हणून हाड फार लवकर झालं."

मला ते लगेच पटलं. प्रत्येक घरात एक नको म्हणणारं माणूस लागतं, नाहीतर पोरं चार दिवसांत घराचा धुरळा करतात. आमच्या घरात ते काम माझं. हे मी बोलून दाखवलं, तर विहीणबाई म्हणाल्या, "हो, तुमच्याकडे त्याचा तुटवडा असेल असं मला कधी वाटलं नाही."

बिघडलेली प्रत भारतकडून आली होती, हे तपासणीत आधीच कळलं होतं. भारतच्या शिवणी थोड्या उशिरा बंद झाल्या असतील, म्हणून त्याला त्रास झाला नाही. एकाच घरात कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही, असं होतं म्हणे. आता भारतकडं ती कुठून आली ते बघायचं होतं. माझे मालक वारलेत, म्हणून राहिले मी. केतकीनं कागदावर आमच्या घराची चित्रं काढली. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन.

"घरात आणखी कुणाचं डोकं असं दुखायचं?"

"माझा थोरला, दत्तू. पहाटे ओकायचा. शेवटी शेवटी त्याला दिसेना. सहा वर्षांचा होऊन गेला."

केतकीनं एक चौकोन काढला आणि त्याच्यावर तिरपी रेघ ओढली. "त्यांचं आता खात्रीनं सांगता येणार नाही, आजी."

भारत म्हणाला, "आई, डोळ्यांचं तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू जन्मला नव्हतास," मी म्हटलं आणि रक्त काढायला हात पुढं केला. तपासणीला वेळ लागतो, घरी गेल्यावर कळवू, असं केतकी म्हणाली.

रविवार, नारायण पेठ

विहीणबाईंकडं जेवायला बोलावलं होतं. घर दोन खोल्यांचं, पण भांड्यात तोंड दिसेल इतकं स्वच्छ. साधा वरणभात, आमसुलाची आमटी, अळूची भाजी, पोळ्या. आमटीत गूळ, भाजीत गूळ. मी सांगोल्याहून शेंगदाण्याची चटणी नेली होती ती पानात घेतली, म्हणून जेवण उतरलं. विहीणबाईंनी ती चटणी चिमूटभर घेतली आणि दोन पेले पाणी प्यायल्या. "चव छान आहे," म्हणाल्या, "कळली असती तर."

पण मी त्या घरातून उपाशी उठले. त्याचं असं झालं. विहीणबाई म्हणाल्या, "पोळी वाढू?" मी म्हटलं, "नको." आमच्याकडं पहिलं नको कुणी ऐकत नाही. दुसरंही नाही. पाहुण्यानं पानावर हात आडवा धरायचा आणि वाढणारीनं बोटांच्या फटीतून भाकरी सारायची, ही आमची रीत. विहीणबाईंनी माझं नको ऐकलं आणि डबा झाकला. मी बसून राहिले. भातालाही तेच झालं.

रिक्षात अश्विनीला म्हटलं, "तुझी आई चांगली आहे गं, पण वाढत नाही."

"तुम्ही नको म्हणालात ना, आई?"

"म्हणजे काय, म्हणणारच की."

ती त्या दिवसांत पहिल्यांदाच हसली. घरी येऊन तिनं मला पिठलं-भाकरी करून दिली. सई माझ्या शेजारी बसली आणि मुलांचा आवाज कमी करा म्हणाली. घरात मुलं नव्हती. खालच्या मैदानातला आवाज तिच्या डोक्यात जात होता.

सोमवार, रक्तपेढी

डॉक्टरांनी रक्ताच्या तीन पिशव्या राखून ठेवायला सांगितलं होतं. "तीन असल्याशिवाय मी हात लावणार नाही. ही तारीख गेली तर पुढची दोन आठवड्यांनी." डोळ्यांच्या डॉक्टरांनी तर एक आठवडाही थांबू नका असं सांगितलेलं. रक्तपेढी पिशव्या द्यायला तयार होती, पण त्याबदली आमची तीन माणसं रक्त द्यायला पाहिजे होती. भारतला नुकताच टायफॉईड झालेला, त्याचं चालत नव्हतं. अश्विनीच्याच अंगात रक्त कमी. विहीणबाईंचे शेजारी सगळे माझ्या वयाचे.

तेव्हा यार्डातून चार हमाल आले. गाळ्यावरचं काम टाकून, अंघोळी करून, कपाळाला भस्म लावून आले. रक्तपेढीतल्या बाईनं पहिला प्रश्न विचारला, "काय खाऊन आलात?"

चौघांनी एकमेकांकडं बघितलं. श्रावणातला सोमवार होता. चौघांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

"उपवास हाय आमचा, म्याडम."

"महादेवाला चालत असेल, मला चालत नाही. रिकाम्या पोटी रक्त घेतलं की तुम्ही इथे आडवे पडाल आणि उचलायला मी एकटी. खाऊन या. पाचच्या आत."

असली चूक आमच्याच माणसांच्या हातून होणार. चांगलं काम करायचं म्हणून उपाशी येणार. त्या चौघांना वाटलं होतं, आज सोमवारी रक्त दिलं तर पुण्य दुप्पट.

विहीणबाईंनी आमच्यासाठी साबुदाण्याच्या खिचडीचा मोठा डबा आणला होता. तो उघडला. दोघांनी खिचडी खाल्ली आणि आत गेले. तिसऱ्याला गेल्या वर्षी कावीळ झालेली, त्याला परत पाठवलं. राहिला म्हादू.

"मावशी, मला नको," म्हादू म्हणाला. "माझा निरंकार असतो. संध्याकाळी दिवा लागल्यावर सोडतो. तवर पाणी पण न्हाई."

"संध्याकाळी पेढी बंद हाय," मी म्हटलं.

"उद्या सकाळी येतो की. पहाटेच येतो."

"उद्या सकाळी आठाला पोरगी आत जाणार. तिसरी पिशवी आज न्हाई तर उद्याचं रद्द."

तो खाली बघून उभा राहिला. माणूस चांगला, पोरीसाठी जीव तुटत होता, पण उपवास मोडायची हिंमत होत नव्हती. भारत बाजूला फोनवर फोन लावत होता. कुणी गावाला, कुणी उपवासाला, कुणी फोनच उचलेना. विहीणबाई म्हादूला म्हणाल्या, "अहो, खिचडी उपवासाचीच असते." म्हादू म्हणाला, "व्हय बाई, पण माझा उपास खिचडीचा न्हाई."

सोमवार माझाही होता. दत्तू आजारी पडला तेव्हा मी तो धरला. दत्तू गेला, तरी सोडला नाही. का सोडला नाही ते मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नसतं. म्हादूसारखाच, दिवा लागेपर्यंत तोंडात काही नाही. तापात नाही, बाळंतपणात नाही, मालक गेले त्या सोमवारीही नाही.

मी विहीणबाईंच्या हातातून डबा घेतला, बाकावर बसले आणि खायला लागले. खिचडीत साखर होती. एवढ्या वर्षांनी मोडला तो साखरेच्या खिचडीवर.

म्हादू बघतच राहिला. "मावशी, तुमचा पण सोमवार हुता?"

"हुता. मोडला. आता तू बस."

"नको मावशी."

"एकदा म्हणलास, ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकायची आमच्याकडं रीत न्हाई."

"अवं पण म्हादेवाला काय सांगू?"

"सांग, सांगोल्याच्या म्हातारीनं खायला लावलं. माझं नाव घे. काय द्यायची ती शिक्षा मला दे म्हणावं, माझा पत्ता त्याला ठाऊक हाय."

तो शेजारी बसला. भिंतीकडं तोंड केलं आणि खाल्ली. सगळी खाल्ली, डबा पुसून. मग पाणी प्यायला आणि आत गेला. त्याचा उपवास कशासाठी होता ते मी विचारलं नाही.

विहीणबाईंनी रिकामा डबा पिशवीत घातला. "तुमच्याकडे असं वाढतात होय," म्हणाल्या.

मंगळवार

तर ती ही तिसरी पिशवी. त्यात म्हादूचंच रक्त होतं असं नाही. त्याचं तपासायला गेलं होतं, बदल्यात पेढीनं दुसरं दिलं होतं. पण त्यानं खाल्लं नसतं तर पिशवी नव्हती आणि ऑपरेशनही नव्हतं.

भारत एक पाय अनवाणी, पिशवी टॉवेलात गुंडाळून वर आला. दार उघडलं, आतून एक हात आला, पिशवी आत गेली, दार बंद झालं. मी त्याच्या पायापुढं चप्पल ठेवली. त्यानं ती घातली नाही. अश्विनी म्हणाली, "आई, काहीतरी बोला ना." मी म्हटलं, "काय बोलू?" मग विहीणबाई तिच्याजवळ खाली फरशीवर बसल्या. त्यांच्या कडक इस्त्रीच्या साडीला एरवी सुरकुती चालत नाही.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. "रक्त थांबलं. हाडं मोकळी करून पुढे बसवलीत. आता मेंदूला जागा आहे."

"दिसंल का तिला?" मी विचारलं.

"सूज उतरेपर्यंत मी काही बोलणार नाही."

मला तो माणूस आवडला.

दवाखान्यातले दिवस

डोळे सुजून बंद होतील असं आधी सांगितलं होतं. सांगितलेलं असलं तरी बघणं वेगळं. सईचं तोंड भोपळ्यासारखं झालं, डोळ्यांच्या जागी दोन रेघा. बुधवारी ती म्हणाली, "आजी, लाईट लाव." लाईट चालूच होता. अश्विनी बाहेर निघून गेली. मी म्हटलं, "लाईट गेलीय." "पुण्यात जात नाही," सई म्हणाली. "आज गेली," मी म्हटलं.

गुरुवारीही तसंच. शेजारच्या खाटेवर बारामतीकडचं एक पोर होतं, त्याची आजी मला रोज निम्मी भाकरी आणून द्यायची. तिला नको म्हणायला मला भीती वाटत नव्हती. ती ऐकायची नाही.

शुक्रवारी सकाळी सईचा डावा डोळा फटीएवढा उघडला. आम्ही सगळे खाटेभोवती उभे. तिनं आधी छताकडं बघितलं, मग हळूहळू माझ्याकडं. बराच वेळ बघत राहिली.

"आजी, तुझी चोळी उलटी आहे."

मी खाली बघितलं. शिवण बाहेर आली होती. खरंच उलटी होती.

अश्विनी रडायला लागली, भारत रडायला लागला. विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "मी सकाळीच पाहिलं होतं," म्हणाल्या. "म्हटलं, सांगोल्याची पद्धत असेल."

परत

परत जाताना यार्डातूनच टेम्पो होता. म्हादूनंच मला वर चढवलं. त्याला काय द्यावं कळेना, म्हणून उरलेली चटणी दिली. तो म्हणाला, "मावशी, तुमचं नाव सांगितलं बरं का म्हादेवाला."

"काय म्हणाला?"

"अजून तरी काय न्हाई."

आता सईची उलटी थांबली आहे. फळ्यावरचं दिसतं. चष्मा लागला आहे, डोक्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नागमोडी वण आहे. वर्षावर्षानं तपासायला न्यायचं. मी सोमवार परत धरलेला नाही.

परवा विहीणबाईंचा फोन आला. माझ्या तपासणीचा निकाल आला होता, तो केतकीनं भारतला सांगितला आणि भारतला मला सांगवेना, म्हणून यांनी फोन केला. बिघडलेली प्रत माझ्याचकडची. ते नको म्हणणारं प्रोटीन माझ्याही अंगात निम्मंच आहे.

विहीणबाई म्हणाल्या, "निम्म्यावर तुमचा हा कारभार आहे. पूर्ण असतं तर आम्ही कुठे जायचं होतं?"

मी म्हटलं, "एकदा सांगोल्याला या जेवायला. मग सांगते."

केतकी म्हणते, तपासल्याशिवाय दत्तूचं सांगता येत नाही. ती तिच्या जागी बरोबर आहे. मी त्याला त्यात धरते. म्हणजे आमच्या घरात हा दोष चौघांकडं. दत्तू गेला. मी, भारत आणि सई जगलो.